कन्या एक

माझी शरयूआत्या खोटं बोलत नाही. सोयीचं खोटंही बोलत नाही, म्हणून तर तिचं कुणाशी पटत नाही. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो. हसायचं असेल तर खुशाल हसा.

१८ ऑक्टोबर १९८६, शनिवार. रात्रबित्र नव्हती. लख्ख दुपार होती.

आत्या तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये शिकत होती. श्रूजबरीला विनीता नावाच्या मैत्रिणीबरोबर राहायची. दर शनिवारी तासाभरावरच्या एका शेतावर जायची आणि थॅचर नावाच्या म्हाताऱ्याच्या घराण्याचा इतिहास टाइप करायची. आपल्याकडे कुलवृत्तांत असतो ना, तसाच. दोनशे वर्षं शेती केलेली माणसं... कोण कुणाचा मुलगा, कुणी कुठली जमीन नांगरली, कुणाच्या किती गाई. सोमवारी ते बाड छापखान्यात जाणार होतं.

शेवटचं पान उरलं होतं. म्हाताऱ्याच्या भावंडांचं.

घरातल्या जुन्या बायबलात जन्मनोंदी होत्या. त्यातली एक ओळ कुणीतरी खरवडून काढली होती. उजेडात धरली की वाचता यायची.

लिडिया. १९०४.

"ही कोण?" आत्यानं विचारलं.

"बहीण," म्हातारा म्हणाला. "लीव्ह हर आउट."

लग्नाआधी तिला मूल झालं होतं. मूल कुणाला तरी देऊन टाकलं आणि तिला वरच्या खोलीत ठेवलं. एकतीस वर्षं! तिथंच ती मेली. थडग्यावर साधा दगडसुद्धा नाही. म्हातारा हे सगळं पाव खात खात सांगत होता. वाळीत टाकायला गाव लागतं असं थोडंच आहे? घर पुरतं.

आत्याच्या डोक्यात तिडीक गेली.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, छापून घेतला होता. त्यात मुलांची नावं, शिक्षण, हुद्दे. मुलींचा नुसता आकडा. आत्या स्वतःसुद्धा त्यात 'कन्या १' एवढीच आहे. तिनं तोच तोडगा इथं काढला आणि टाइप केलं...

डॉटर्स: वन.

"साप मेला, काठीही मोडली नाही, असं वाटलं मला," असं सांगताना आत्या आजही स्वतःला शिवी घालते.

म्हाताऱ्यानं कॉफीला बोलावलं. दोघं स्वयंपाकघरात बसली. घरात तिसरं कुणी नव्हतं.

आणि बाहेरच्या खोलीत...

टक्.

टक्... टक्...

टाइपरायटर.

म्हाताऱ्याचा कप हातातच राहिला.

आवाज वाढत गेला. आता ते टाइप करणं नव्हतं. कुणीतरी मुठींनी यंत्र बडवत होतं.

आत्या धावत गेली. खुर्ची रिकामी. यंत्र गप्प.

तेवढ्यात विनीता गाडी घेऊन तिला न्यायला आली. तिनं टेबलावरचं बाड सहज चाळलं.

"शरयू, यार... ह्यात नावं कुठायत?"

दोनशे चौदा पानं. जमिनी होत्या. गाई होत्या. तारखा होत्या.

नाव एकही नव्हतं.

मुलगे: चार. मुलगा: एक. बायको: एक. बायको: एक.

म्हाताऱ्यानं स्वतःची ओळ शोधली.

सन: वन.

"माझं नाव टाइप कर!" तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता!"

"आधी तिचं," आत्या म्हणाली.

"नेव्हर."

टक्.

तिघंही यंत्राकडे बघत होती. अक्षराची दांडी आपोआप वर आली... आणि कागदावर आपटली.

आत्यानं खुर्ची ओढली, कोरा कागद चढवला आणि टाइप केलं. लिडिया थॅचर. कागद म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि ती निघाली. दोनशे वर्षांच्या त्या घराण्यात आता तेवढंच एक नाव होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुण्याला फोन लावला.

"बाबा, माडीवरचीचं नाव काय होतं?"

माडीवरची म्हणजे आजोबांची सख्खी बहीण. नवऱ्याचं घर सोडून आली म्हणून मरेपर्यंत माडीवर ठेवलेली. मुलांना तिचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं.

आजोबा चिडून म्हणाले, "ते कशाला आता? आणि तो टाइपरायटर बंद कर आधी. काही ऐकू येत नाहीये."

खोलीत टाइपरायटर नव्हता.

"बाबा, नाव सांगा!"

टक्... टक्...

आता तिलाही ऐकू येत होतं. पुण्याच्या बाजूनं.

आजोबांनी फोन ठेवला. दीड वर्षानं ते गेले. नाव सांगितलं नाहीच. आता ते माहीत असलेलं कुणी उरलेलं नाही. आम्ही सगळीकडे विचारून झालं.

कुलवृत्तांत माझ्याकडे आहे. परवा उघडला. जिथं आजोबांचं नाव होतं, तिथं आता छापलेलं आहे... पुत्र १.

त्याच्या खाली माझ्या वडिलांची ओळ. तिथंही तेच.

त्याखाली मी.

माझं नाव अजून आहे. रोज सकाळी उठून बघतो.