आधी सावली, मग कॉफी

“मॅडम, तोपर्यंत तुम्ही असाल का?”

प्रयोगशाळेत मागे मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत होत्या. हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती, आणि ऋजुता वानखडे पैज सोडणाऱ्यांतली नव्हतीच.

“बहुतेक नसेन गं,” डॉ. गावंडे हसून म्हणाल्या. “पण नव्या कॉफीमळ्याची जागा तीस वर्षं पुढचं बघूनच निवडावी लागते.”

भिंतभर काळनकाशा उजळला होता. चिखलदऱ्याचा कुठला उतार पुढे किती तापेल, ते तो आजच दाखवायचा. सगळे उतार लाल होते. शेजारी उभे असलेले ऋजुताचे बाबा जुन्या मळ्याचे व्यवस्थापक होते, आणि तो मळा उन्हाने करपत चालला होता. नवी जागा मिळाली नाही, तर बिऱ्हाड अमरावतीला हलणार होतं.

“एकही जागा नाही?” बाबांनी विचारलं.

“दाट सावली असेल तरच. जुनी झाडं आहेत तिथे राखीव जंगल आहे. उघड्या माळावर सावली धरायला पंचवीस वर्षं जातील.”

“मग झाडं आज लावली असं धरून विचारा ना त्याला,” ऋजुता म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं. वरचा खडकाळ माळ, जिथे बकऱ्यासुद्धा फिरकत नाहीत, तो हिरवा झाला. खाली एक चौकट उघडली: राखणाऱ्याचं वय?

“हे कशाला?” बाबा.

“राखणारा मधेच गेला की कोवळी झाडं मरतात. यंत्र तेही धरतं.” डॉक्टरांनी स्वतःचं वय भरलं. माळ लाल. बाबांचं भरलं. लालच.

“माझं भरा की. पंधरा.”

माळ हिरवा झाला. मैत्रिणी हसल्या. बाबा हसले नाहीत.

संध्याकाळी आई पोळ्या लाटत असताना ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. मी शेतकी कॉलेजला जाणार आणि परत इथेच येणार. झाडं मात्र याच पावसाळ्यात लावायची.”

“आणि तोवर खायचं काय, बाई?” आईने लाटणं थांबवलं.

“झाडं लहान आहेत तोवर मधल्या जागेत स्ट्रॉबेरी. मी कॉलेजात असेन तेव्हा राखण तुमची. बाबा, तुम्ही माझे मदतनीस.”

“तुला तर कॉफी आवडतही नाही,” बाबा हळूच म्हणाले.

“हो ना. पण आवडून घ्यायला तीस वर्षं आहेत. मी थांबणार आहे.”