खंडेनवमीची भट्टी

खंडेनवमीला उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीत सगळंच निजतं. मेन स्विच खाली ओढलेला, लेथवर हळदकुंकू, छन्न्या-हातोडे पाटावर मांडलेले. एरवी कारखाना थांबायचं नाव काढत नाही, म्हणून विक्रमनं सर्व्हरच्या दुरुस्तीला नेमका हाच दिवस धरला होता. भट्टीवर नजर ठेवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या सर्व्हरसमोर तो ऑफिसात एकटाच बसला होता.

आज हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून फोरमन मारुतीरावांनी त्याला हटकलंही होतं. सर्व्हर कुठलं हत्यार, असं म्हणत त्यानं हसण्यावारी नेलं. गेल्या आठवड्यात भट्टी भलतीच तापली आणि धोक्याचा इशारा सर्व्हरला मिळालाच नाही. काम नसलं की त्याचं नेटवर्क कार्ड वीज वाचवायला डुलकी काढायचं. भट्टीशी विक्रमचा धाकटा भाऊ सौरव उभा होता. पॅंट जळली, पाय वाचला. उद्याची पहिली पाळी पुन्हा सौरवचीच होती.

विक्रमनं कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमची सेटिंग उघडली. ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या ओळीपुढची टिक काढली. कार्डावरचा हिरवा दिवा विझला, पुन्हा लागला. काम फत्ते झालं होतं.

तेवढ्यात पडद्यावर भट्टीचं तापमान उमटलं.

जुना आकडा अडकला असेल, म्हणून त्यानं तो पुसला. नवा आला, त्याहून मोठा. बघता बघता बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळतं तिथवर चढला आणि भोंगा वाजला. खाली अक्षरं होती : अस्तर, पूर्व बाजू, तळाशी.

विक्रम शेडकडे धावला, मारुतीराव मागोमाग. मेन स्विच खालीच होता. भट्टीला तळवा लावला, तर विहिरीच्या दगडासारखी गार. विक्रम भ्याला, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत दाटून आलं आणि त्याचे हात आपसूक जोडले गेले.

“आप्पा,” तो मारुतीरावांना म्हणाला, “हिला वीजच न्हाय. मग सांगतंय कोण?”

मारुतीरावांनी चपला काढल्या.

“कोण ते इचारू नगंस. सांगतंय न्हवं? ऐक.”

त्यांनी पाटावरची पुजलेली छन्नी उचलली. भट्टीत उतरून पूर्वेकडे तळाशी एकच घाव घातला. भट्टीचं आतलं अस्तर खपलीसारखं गळून पडलं. मागे तांब्याची नळी उघडी पडली, पाणी खेळवणारी. उद्या वितळलेलं बीड त्या पाण्याला भिडलं असतं, तर स्फोट होऊन शेडमधलं एकही माणूस वाचलं नसतं.

भोंगा थांबला.

उद्या भट्टी लागणार नाही, एवढंच विक्रमनं सौरवला फोनवर कसंबसं सांगितलं. मग तो सर्व्हरपाशी आला.

आकडा उतरून सदतीसवर आला होता. धडधाकट माणसाच्या अंगाची ऊब असते तेवढा. तिथंच तो किंचित चढत होता, किंचित उतरत होता, संथपणे.

कार्डाला पुन्हा झोपू द्यावं, असं भीतीपोटी विक्रमच्या मनात आलं. पण अस्तर नवं झालं की भट्टीशी सौरवच उभा राहणार होता. त्यानं टिक लावली नाही.

पडद्याकडे बघता बघता त्यानं नकळत श्वास रोखला.

आकडाही थांबला.