एक तास दहा मिनिटं

उजळाईवाडीच्या विमानतळावर मी कारकून होतो, त्र्याऐंशी सालची गोष्ट. विमानतळ म्हणजे काय, तर एक धावपट्टी, पत्र्याची शेड, बाक, फोन आणि भिंतीवरचं घड्याळ. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ एक तास दहा मिनिटं. लोक रोज विचारायचे आणि मी रोज पोपटासारखा सांगायचो. विमान उडालं की वेळ वहीत लिहायची. तिकडं उतरलं की मुंबईहून फोन यायचा, तीही लिहायची.

त्या सोमवारी फोन पन्नास मिनिटांनीच आला. वारा पाठीमागून असेल, म्हटलं. मंगळवारी पंचवीस मिनिटांनी. मी रेडिओच्या बातम्यांशी घड्याळ ताडून पाहिलं, ते बरोबर होतं. बुधवारी विमान पन्हाळ्याच्या बाजूला दिसेनासं झालं आणि लगेच फोन वाजला. परत आलेल्या वैमानिकाला विचारलं, तर तो हसला.

"एक तास दहा मिनिटं. रोजचीच."

मी कुणाजवळ बोललो नाही. लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

गुरुवारी बनाआक्का जायची होती. कागलला दिलेली माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दुसऱ्या दिवशी मुंबईत तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि एसटीचे हादरे तिला सोसणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला भीती वाटत होती, तरी मीच हात धरून तिला विमानात बसवलं.

"किती येळ लागतोय रं गुंड्या?"

"तासाभरात पोचशील," मी म्हणालो. पहिल्यांदाच मला नेहमीचा आकडा सांगवेना.

शेडमध्ये परतलो तर फोन वाजत होता. बाहेर विमान जागेवरच उभं होतं. पंखेसुद्धा फिरत नव्हते.

"उतरलं विमान," मुंबईचा कारकून म्हणाला. "इथं बाकावर एक बाई बसल्यात. तुमची आक्का आहे म्हणतात."

मी धावत सुटलो. वैमानिक ओरडत राहिला, पण मी आक्काचा दंड धरून तिला खाली उतरवलं. विमान तिच्याविना गेलं.

तिला शेडमधल्या बाकावर बसवलं. पाणी पुढं केलं, तिनं घेतलं नाही. आक्का वाचली, एवढंच माझ्या मनात होतं. मला रडू आलं.

फोन पुन्हा वाजला.

"गुंड्या..." आक्काचाच आवाज, रडवेला. "मी कवाधरनं हितं बसलोय. न्यायला कोन आलं न्हाय की. मला घिऊन जा रं."

फोन कानाला तसाच धरून मी मागं वळलो.

बाकावरच्या आक्कानं पदर सावरला. माझ्याकडं नीट पाहिलं.

"पावणं," तिनं विचारलं, "कुनाचा फोन हाय?"