जित्या सासूचं मरणगाणं

“जित्या माणसाचं मरणगाणं गातेस? माझ्या आईच्या मुळावर उठलीस तू, बुरुल!”

नवऱ्याचे, सागिनचे ते शब्द ऐकून बुरुलने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. काल मेंढवाड्यात तिने गायलेलं शेजारणीने चोरून ऐकलं होतं, आणि आज पहाटे सासू तापाने आडवी झाली होती... देवा, माझ्याच तोंडाने तर मरणाला आवतण दिलं नाही ना!

नारीन नदीच्या त्या डोंगरी खोऱ्यात घरातलं वडीलधारं माणूस गेलं की सुनेने भिंतीकडे तोंड करून, आल्या-गेल्यांच्या देखत शोकगीत गायचं; शब्दही तिनेच जुळवलेले. आणि बुरुलचा गळा म्हणजे फुटकं मडकं! लग्नात हौसेने गायला बसली, तेव्हा ही सासूच म्हणाली होती, “पुरे ग बाई, घोडीचं दूध नासेल!” घराचं हसं नको म्हणून तिने माणसांपुढे ओठ मिटले ते कायमचे. पण गाणं काही सुटेना. वेळ येईल तेव्हा फजिती नको, म्हणून तालीम करते, असं ती मनाला समजावी; खरं तर शब्द जुळू लागले की त्या अभागिनीला कशाचंच भान राहत नसे.

“तिला आत पाठव रे,” आतून म्हातारीचा क्षीण आवाज आला.

बुरुलने अंथरुणाशी लोळणच घेतली. नवऱ्यासारखीच तीही सासूला अपा, म्हणजे आई, म्हणायची. “अपा, चुकलं माझं! जीभ झडो माझी! पुन्हा नाही गाणार, कधीच नाही...”

“गा.”

“अं?”

“तेच गाणं. मेल्यावर मला ऐकू येणार आहे होय?”

“नको ना, अपा! तुमच्या तोंडावर गायलं आणि... काही झालं तर?”

“झालं तर तुझी तयारी आहेच की!”

बुरुल गाऊ लागली. नवरा गेल्यावर एकटीने कळप डोंगरावर नेणारी अपा, पुरातलं शिंगरू कोटात गुंडाळून आणणारी अपा, सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाचं खाणारी अपा... सूर घसरत होता, फाटत होता, आणि प्रत्येक ओळीला बुरुल भयाने म्हातारीची छाती वरखाली होते की नाही ते पाहत होती.

“सूर नाहीच ग मेला तुझ्यात!” म्हातारीच्या सुरकुत्यांतून आसवं वाहत होती. “पण हे सगळं तू बघत होतीस? मला वाटायचं, या घरात माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही... आणि मी तुझं तोंड बंद केलं, पोरी!”

“अपा, पुरे आता! अपशकुन आहे,” दारातून सागिन कळवळून म्हणाला.

“तू गप्प बैस! बुरुल, ती खिडकी उघड, आणि मोठ्यांदा म्हण.”

बुरुलने खिडकी ढकलली. बाहेर शेजारीपाजारी जमले होते, एकदोघी तोंडाला रुमाल लावून हसतही होत्या. मागे अपा खोकत होती, आणि भीती तर जराही ओसरली नव्हती... तरीही बुरुलने सगळ्यांकडे तोंड करून पहिल्या ओळीपासून गाणं सुरू केलं.