मॉस्टिनच्या पोटातली गुडगुड

मेलेला माणूस पडद्यावरून बोलला, तेव्हा वेल्समधल्या टेन्बी गावातलं ते छोटं चित्रपटगृह गच्च भरलेलं होतं. कुणी किंचाळलं नाही. फक्त पहिल्या रांगेतली अकरा वर्षांची माली खुर्चीवरून उठली आणि ओरडली, "बाबा!"

"तिचा बाबा जाऊन तीन वर्षं झाली," तेलेरी बेव्हन म्हणाली. तिच्या मगमधल्या चहावर साय धरली होती. तिनं घोटही घेतला नव्हता.

"पहिल्यापासून सांगा," मिसेस प्रॉसर म्हणाल्या. "गेथिनचं बाळ रात्री झोपू देत नाही. त्याला सगळं सावकाश सांगावं लागतं."

गेथिननं मान हलवली. चार महिन्यांची कादी त्याच्या छातीशी कापडात बांधलेली होती, गाढ झोपेत. बायको इस्पितळातल्या नोकरीवर परत गेल्यापासून मिसेस प्रॉसरच्या प्रत्येक तपासाला त्यांचा मदतनीस गेथिन याच्याबरोबर कादीही हजर असे.

तेलेरीनं सांगायला सुरुवात केली. 'मॉस्टिनची मूठमाती' ही तिची ॲनिमेशन मालिका. इंटरनेटवर दोन पर्वं आली, आणि अख्खं वेल्स हसून लोळलं. मॉस्टिन हा थडगी खणणारा बेडूक. दर भागात तो कुणाच्या तरी मदतीला धावतो, त्या मदतीपायीच मदत घेणारा बिचारा मरतो, मग मॉस्टिन त्याला नीटनेटकं पुरतो. पुरताना भुकेनं मॉस्टिनचं पोट गुडगुडतं. शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणतो, "चहा टाकलाय, आत या."

"तो आवाज एमरिस ट्यूडरचा. दुसरं पर्व झालं आणि घशाच्या दुखण्यात त्याचा आवाज गेला. पुढे तोही गेला. आता अकरा वर्षांनी मी शेवटचा भाग केला. हसवायला नाही. मॉस्टिन थकलाय. ज्यांना पुरलं त्यांच्या थडग्यांवरून एकदा फिरतो आणि समुद्राकडे तोंड करून बसतो. आपल्याला फक्त पाठ दिसते. एक शब्द नाही. एमरिसच्या जागी दुसरा आवाज मला नकोच होता."

"पण तो बोलला."

"'ओल्वेन, फावडं राहू दे. आज कुणालाही पुरायचं नाही. चहा टाकलाय, आत या.'" तेलेरीनं चहाचा मग दूर सारला. "मला वाटलं, मी तिथंच मरते."

"जुनं ध्वनिमुद्रण असेल कुठलं तरी," गेथिन म्हणाला.

"ओल्वेन गोगलगाय आहे. तिला मी या वर्षी काढली, नाव ठेवलं गेल्या महिन्यात, तेही फक्त शेवटच्या श्रेयनामावलीत. एमरिसला कसं कळणार?"

गेथिननं कादीला जरा घट्ट धरलं.

"म्हणून लोक म्हणतात, मी यंत्राकडून मेलेल्याचा आवाज बनवून घेतला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी म्हणतात. दारावर चिखल फेकलाय. संकेतस्थळवाल्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. आवाज कुणाचा ते सिद्ध करा, नाहीतर सगळी मालिका उतरवतो म्हणतात. माझं सगळं तारुण्य आहे हो त्यात, मिसेस प्रॉसर. आणि मी काही केलेलं नाही!"

"हा भाग आधी कुणी पाहिला होता?"

"मी, ध्वनी सांभाळणारा ग्लिन, आणि नेरिस. एमरिसची बायको. तिच्या परवानगीशिवाय मी पुढे गेले नसते. घरी पाठवला होता तिला."

"आणि बेडकाचे ओठ तुम्हीच काढता?"

"हो. आधी आवाज, मग त्यावर तोंड. पहिल्या पर्वात एमरिस माझ्यासमोर उभा राहून बोलायचा, मी त्याचा चेहरा टिपायचे. दुसऱ्याच्या वेळी माली नुकती जन्मली होती, म्हणून तो घरूनच आवाज पाठवायचा. मग मी आरशात स्वतःचंच तोंड वेंगाडून काढलं."

ग्लिनची खोली मासे तळणाऱ्याच्या दुकानावर होती. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. माणूस आडदांड, पण नजर जमिनीवरून उचलत नव्हता.

"शेवटची प्रत माझ्याकडेच होती. यापुढे काही विचारू नका, बाई."

"यंत्र वापरलंत?"

"एमरिसच्या आवाजाला यंत्र लावीन मी? हात झडतील माझे!"

"बरं. जुने भाग तरी ऐकवाल?"

पहिल्या पर्वात मॉस्टिनच्या प्रत्येक वाक्याआधी एक बारीक शिट्टी वाजत होती. "रग्बी खेळताना नाक मोडलं होतं त्याचं," ग्लिन म्हणाला. "श्वास घेतला की वाजायचं." दुसऱ्या पर्वात शिट्टी नव्हती. नव्या वाक्यातही नव्हती.

"घरचा माइक वेगळा," ग्लिननं खांदे उडवले. "कपड्यांच्या कपाटात बसायचा तो, कोटांच्या मधे. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून."

"आणि पोटातली गुडगुड? ती पण बदललीय."

"पहिल्या पर्वातली मी केली, रबरी पिशवीत पाणी भरून. दुसऱ्यातली त्याच्या घरूनच आली, आवाजात मिसळून. वेगळी काढता येईना. लोकांना मात्र तीच आवडली."

"तेवढी लावा."

गट, गट, गट. मग नाकातून एक इवलासा श्वास. पुन्हा गट, गट, गट. वरून मॉस्टिन एका पाद्र्याला मूठमाती देत होता. मिसेस प्रॉसरनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं.

"काही सुचतंय, गेथिन?"

"भूक लागलीय," गेथिन प्रामाणिकपणे म्हणाला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

इफान प्यू बंदरावर मॉस्टिनची नक्कल करून टोपीत नाणी गोळा करत होता. शेवटच्या भागात आपल्याला घ्या म्हणून तो तेलेरीच्या मागे लागला होता, आणि तिनं त्याला हाकललं होतं.

"मीच केलं म्हणून जाहीर करा ना!" तो खुशीत म्हणाला. "फुकटात नाव होईल." त्यानं नाकानं शिट्टी मारली आणि असं काही डराव-डराव केलं, की कादी दचकून रडायला लागली. "पण पहिलंच पर्व जमतं मला. दुसऱ्यात उस्ताद काहीतरी वेगळंच करतो. घसा कुठून लावतो, देव जाणे."

"त्यांना कधी भेटला होतात?"

"एकदाच. कार्डिफच्या ॲनिमेशन-मेळ्यात, दुसरं पर्व यायच्या आधीच्या वसंतात. अहो, एक अक्षर बोलेल तर शपथ! गळ्याला मफलर, ओठांवर बोट, आणि ज्याला त्याला चित्र काढून देतोय. हसून हसून मेलो आम्ही. मुका मॉस्टिन!"

नेरिस ट्यूडरनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, मनुकांचा ब्रेड कापला आणि न सांगता कादीची दुधाची बाटली गरम करून दिली. कादी पिऊ लागली. बाटलीत हवेचे बुडबुडे चुरचुरत होते.

"नशीबवान आहात," नेरिस गेथिनला म्हणाली. "मालीनं बाटली कधी तोंडात धरली नाही. थू करून फेकायची."

"तुमचे यजमान कपाटात बसून बोलायचे, तेव्हा तुम्ही कुठे असायचात?" मिसेस प्रॉसरनी विचारलं.

"मी? मी तिकडे फिरकायचेसुद्धा नाही." उत्तर जरा जास्तच झटकन आलं.

तेवढ्यात शाळेची पिशवी फेकत माली आत आली. "तुम्ही बाबाच्या आवाजासाठी आलात? मला आठवतंय तेव्हापासून बाबा पाटीवर लिहूनच बोलायचा. म्हणून मी रोज झोपताना दुसरं पर्व लावते. बाबाचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे ना."

नेरिसनं तोंड फिरवलं आणि धुतलेल्याच बशा पुन्हा धुवायला घेतल्या.

गाडीत बसल्यावर मिसेस प्रॉसरनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "कोडं सुटलं, गेथिन. न सुटतं तर बरं झालं असतं."

शुक्रवारी सकाळी सगळे ग्लिनच्या खोलीत जमले. बाहेरच्या खोलीत माली कादीला मांडीवर घेऊन बसली होती. मधलं जाड दार बंद होतं.

"तो आवाज यंत्राचा नाही," मिसेस प्रॉसर म्हणाल्या. "आणि एमरिसचाही नाही."

"अहो, मी ओळखते तो!" तेलेरी म्हणाली.

"ऐका. ओल्वेनचं नाव तुम्हा तिघांनाच माहीत होतं. इफानला नव्हतं. शिवाय त्याचा मॉस्टिन शिट्टी मारतो, पडद्यावरचा मारत नाही. प्रत ग्लिनकडे, म्हणजे वाक्य ग्लिननंच लावलं. पण तो कुणाला तरी पाठीशी घालतोय. तेलेरीला नाही, तिची तर डोळ्यांदेखत वाट लागलीय. मग राहिलं कोण?"

ग्लिननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नेरिसनं पेनड्राइव्ह आणून दिला. एमरिसच्या खोक्यात सापडला म्हणाली. तेलेरीला चकित करायचं ठरलं. ओल्वेनचं नाव मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नंतर कळलं, पण नवरा गेलेल्या बाईचं नाव कसं पुढे करू?"

"नेरिस, तू?" तेलेरी उभी राहिली. "तू यंत्राकडून—"

"यंत्र नाहीच त्यात," मिसेस प्रॉसर म्हणाल्या. "नवं वाक्य दुसऱ्या पर्वाशी तंतोतंत जुळतं. तेव्हा प्रश्न असा आहे, की दुसऱ्या पर्वात तरी कोण बोलतंय? माइक बदलून मोडलेलं नाक सरळ होत नाही. आवाज दुसऱ्या पर्वानंतर गेला, असं सगळे समजतात. पण त्याआधीच्या मेळ्यात एमरिस एक अक्षर बोलला नाही. ती गंमत नव्हती. मफलरखाली शस्त्रक्रियेची खूण होती. ग्लिन, गुडगुड लावा."

गट, गट, गट. इवलासा श्वास.

आज गेथिन भुकेला नव्हता. आणि हा आवाज तो ओळखत होता. रोज पहाटे उशीशेजारून येणारा. त्याचे कान गरम झाले.

"हे पोट नाहीये," तो म्हणाला. "बाळ आहे. अंगावर पिणारं बाळ."

"बाटली असती तर हवा चुरचुरली असती. आणि मालीनं बाटली कधी तोंडात धरलीच नाही." मिसेस प्रॉसरचा आवाज खाली आला. "पिणारं बाळ आणि बोलणारा मॉस्टिन, एकाच माइकसमोर, एकाच वेळी. एमरिस कितीही मोठा कलावंत असला, तरी हे त्याला जमण्यातलं नव्हतं."

तेलेरी नेरिसकडे वळली. "अख्खं दुसरं पर्व? तू होतीस?"

"कपाटात ती रडली, की पाजण्याशिवाय दुसरा उपाय नसायचा," नेरिस म्हणाली. चेहरा पांढराफटक झाला होता. "आवाज गेल्याचं कळलं असतं तर काम गेलं असतं. त्यानं माझ्याकडून शब्द घेतला. पुढे माली त्या आवाजालाच बाबा म्हणायला लागली. मग कुठल्या तोंडानं सांगणार? तू शेवटचा भाग पाठवलास. मॉस्टिन पाठ फिरवून बसला, एक शब्द न बोलता. एमरिस तसाच गेला, तेलेरी. दोघांनीही तसंच जावं, हे मला सोसेना. नाव नवीन आहे, हे डोक्यातच आलं नाही."

"आज सगळं सांगावं लागेल," ग्लिन म्हणाला.

"आणि मालीला काय सांगू? तुझा बाबा तुझ्याशी कधी बोललाच नव्हता?"

तेलेरी नेरिसपाशी गेली.

"नको सांगूस," तेलेरी म्हणाली. "उतरवू दे त्यांना. चित्रं माझ्याकडे राहतीलच की." हे म्हणताना तिचा आवाज असा फाटला, की गेथिननं मान वळवली.

नेरिस तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं दार उघडलं.

गेथिन कादीला घ्यायला मागोमाग गेला. नेरिस मालीसमोर जमिनीवर बसली होती. तिनं घसा खाकरला.

"माली," मॉस्टिन म्हणाला, "इकडे बघ."

माली थिजली. तिनं दाराकडे पाहिलं, भिंतीवरच्या स्पीकरकडे पाहिलं, आणि शेवटी आईच्या ओठांकडे.

"तू?" ती कशीबशी म्हणाली. "मग बाबा?"

"तू जन्मायच्या आधीच त्याचा आवाज गेला होता, सोन्या. पण शब्द सगळे त्याचे. तो कपाटात माझ्यासमोर बसायचा आणि नुसते ओठ हलवायचा. त्याच्या तोंडाकडे बघून मी बोलायचे. कुठं थांबायचं, कुठं घसा खरवडायचा, सगळं तोच दाखवायचा."

मालीनं न बघताच कादीला गेथिनच्या हातात दिलं. मग ती खाली उतरून आईसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. तिचे ओठ हलले. आवाज नाही.

नेरिस दचकली. मग मॉस्टिनच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी तुझ्यावर रागावलेय."

मालीनं मान डोलावली. पुन्हा ओठ हलले.

"खूप रागावलेय."

पुन्हा.

"तेलेरीला सांग, मालिका उतरवू द्यायची नाही. आवाज दोघांचा होता असं लिहायचं. दोन्ही नावं."

तेलेरी दारात तोंडावर हात दाबून उभी होती. मालीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिला अजून पुष्कळ सांगायचं होतं. ओठ भराभर हलत होते, आणि मॉस्टिन नाक ओढत, अडखळत, एकेका शब्दानं मागे पडत चालला होता.