खूप चेष्टा केली

शर्वरी त्या थिएटरात शिरली ती सिनेमासाठी नव्हेच. दुर्गापुऱ्याच्या संशोधन केंद्रातून ती बाहेर पडली आणि मे महिन्यातली आँधी सुटली. डोळ्यांत धूळ, दातांत धूळ, ओढणी कुठल्या कुठे! समोर दिसलं ते जुनं, एकाच पडद्याचं थिएटर. तिनं तिकीट काढलं आणि अंधारात चाचपडत जाऊन बसली.

पडद्यावर नव्वदच्या दशकातला कुठलासा मारधाडपट चालू होता. नायकाच्या छातीत गोळ्या घुसल्या होत्या, तरी त्याचं भाषण काही संपत नव्हतं. मग त्यानं जीप थेट धावत्या रेल्वेवरून उडवली.

"अगं आई गं!" शर्वरीच्या तोंडून निघालंच.

पुढच्या रांगेत मघापासून शिट्ट्या मारणारा मुलगा गर्रकन वळला.

"तुम्ही मराठी?"

"हो. का?"

"मी पण! मतलब... आईबाबा नागपूरचे. माझी सगळी शिक्षा इथेच झाली, जयपूरला."

"अरेरे. असा काय गुन्हा केला होतात?"

तो गोंधळून बघतच राहिला. 'शिक्षण म्हणायचंय का?' असं तिनं सुचवल्यावर मात्र एवढ्या मोठ्यानं हसला की आजूबाजूचे चार जण ओरडले. धुळीनं माखलेल्या चेहऱ्यानं शर्वरीही हसली, आणि बाहेरचा वारा केव्हा पडला ते तिला कळलंही नाही.

त्याचं नाव निलय. आईवडील दोघंही डॉक्टर, विद्याधर नगरात दवाखाना. हा मात्र मुरलीपुऱ्यात फ्लेक्स छापायचा आणि कुणी 'काय करतोस' विचारलं की विषय बदलायचा. मराठी शब्द अडला की शाळेतल्या हिंदीतला एखादा जडजंबाल शब्द खुशाल ठेवून द्यायचा. संस्कृतसारखा वाटतोय म्हणजे मराठीच असणार, अशी त्याची पक्की समजूत! शर्वरी इस्लामपूरची, बाजरीच्या प्रकल्पावर वर्षभरासाठी आलेली. तिची हिंदी भाजी घेण्यापुरती. दोघांचं मिळून कसंबसं एक धड वाक्य व्हायचं, आणि खरी मजा त्यातच होती.

त्या थिएटरात शनिवारी दुपारी असलेच जुने सिनेमे लागत. दोघं शेजारी बसू लागले आणि भांडू लागले.

"आजच्या काळात चालतात का रे हे?" ती म्हणायची. "जीप उडते, त्याचं एक वेळ सोड. पण नायिका? तिला खांबाला बांधून ठेवलीय आणि ती नुसती किंचाळतेय. दोरी दातानं तरी कुरतड म्हणावं!"

"झूट आहे सगळं, मान्य. पण एक गोष्ट सांगू? शेवटी तो येतो. काहीही होऊ दे, येतोच. आजकालचा हीरो विचार करत बसतो."

"आणि पडद्याबाहेरचा?"

"तो पण येणार..." निलयचा आवाज एकदम खाली आला. "तू बोलाव तर."

शेंगदाण्याच्या पुडीत दोघांची बोटं एकमेकांना लागली. शर्वरीनं हात काढला नाही. सिनेमा अगदीच टाकाऊ आहे हे तिचं मत कायम होतं, पण शेजारचा माणूस मात्र तिला मनापासून आवडून बसला होता.

थंडीत तिचे बाबा, आनंदराव, तिला भेटायला आले. येताना कऱ्हाडचं एक स्थळ घेऊनच आले. नाही म्हणायला तुझ्याकडे काही कारण आहे का, असं त्यांनी सरळ विचारलं. शर्वरी म्हणाली, रविवारी सांगते. त्यांची गाडी रविवारी दुपारी होती.

"बोलणार मी आहे," तिनं निलयला बजावलं. "तू फक्त स्टेशनवर ये. माझ्या शेजारी उभा राहा. बास."

"जान हाजिर!" तो म्हणाला.

रविवारी दुर्गापुरा स्टेशनवर शर्वरीची मान जिन्याकडे वळून वळून दुखायला लागली. बाबांनी तिची शाल सारखी केली, दोनदा घड्याळ बघितलं, विचारलं मात्र काहीच नाही. गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. मग तिचा फोन वाजला. निलयचा मेसेज होता.

'मी खूप चेष्टा केली. क्षमा.'

ती तिथल्याच बाकावर बसली. चेष्टा! ते शनिवार, ती पुडी, 'तू बोलाव तर'... सगळी थट्टाच होती तर. आणि वर क्षमाही मागून मोकळा झाला! तिला भयंकर लाज वाटली, त्याच्याहून जास्त स्वतःची. तिनं तिथूनच गाडीतल्या बाबांना फोन लावला. "कऱ्हाडचं स्थळ चालेल मला," एवढंच म्हणाली. निलयचे फोन येत राहिले, तिनं उचलले नाहीत.

प्रकल्प संपला. जायच्या आधीच्या शनिवारी ती थिएटरात गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो होता. पडद्यावर खलनायकाचा आख्खा अड्डा उडत होता, तरी तो शिट्टी वाजवत नव्हता.

"माझी सुपारी फुटली, निलय," शेजारी बसत ती म्हणाली.

सवयीनं त्याला हसूच आलं. "सुपारी? तुझी? कुणी दिली, नाव सांग! मी बघतो त्याला!"

"लग्न ठरलं माझं. आमच्याकडे असं म्हणतात."

त्याचं हसू उतरलं.

"पण मी लिहिलं होतं ना तुला... की खूप चेष्टा केली..."

"तेच वाचून हो म्हटलं मी! इतके महिने माझी चेष्टा करत होतास, आणि..."

"तुझी? तुझी कशी करणार? चेष्टा मतलब... कोशिश. प्रयास!"

"प्रयत्न?" शर्वरी खुर्चीतच त्याच्याकडे वळली.

"हां, प्रयत्न! मी आलो होतो गं. समोरच्या प्लॅटफॉर्मवर होतो. बाबा तुझी शाल ठीक करत होते. मी पूल चढलो. मग वाटलं, ते विचारतील काय करतो, आणि माझी मराठी... मी उतरलो. परत चढलो. तेवढ्यात गाडी आली."

शर्वरी रडली. एका शब्दापायी! दुःख होतंच, पण त्या रडण्यात आनंदही होता. तो आला होता... अर्धा पूल का होईना, आला होता. तिनं डोळे पुसले आणि त्याला हाताला धरून बाहेरच्या व्हरांड्यात आणलं.

"ऐक. साखरपुडा अजून व्हायचाय. बाबा रागावतील, पण ऐकतील. तू फक्त नाव सांग. 'मी निलय' म्हण, बाकी सगळं मी बघते." तिनं फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"हॅलो? शरू?" बाबांचा आवाज तिलाही ऐकू येत होता. "बोल बाळा... हॅलो? कोण आहे?"

निलयनं तोंड उघडलं. मिटलं. शर्वरीनं त्याचा दुसरा हात घट्ट धरला. 'बोल ना,' ती नुसत्या ओठांनी म्हणाली. 'बोल रे...'

"अंकलजी," तो म्हणाला. हिंदीत, अजिबात न अडखळता. "ये फोन यहाँ गिरा हुआ मिला. मैडम पास में ही हैं, दे रहा हूँ."

आणि खरंच त्यानं फोन तिच्यापुढे धरला. तिच्याकडे न बघता.

शर्वरीनं त्याचा हात सोडला. फोन कानाला लावला.

"हो बाबा... पडला होता वाटतं पर्समधून. नाही, ओळखीचा नव्हे. होता कुणीतरी भला माणूस." तिचा आवाज जराही कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "हो, मंगळवारी निघते."

पर्स आत खुर्चीवरच राहिली होती. ती घेऊन येईपर्यंत निलय व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. तिला जायला वाट हवी म्हणून त्यानं पाय आखडून घेतले.