पियूषचा नवा पॅच

रविवारी सकाळी अजेय वडिलांची, म्हणजे तात्यांची, ब्लडप्रेशरची गोळी आणायला देवासच्या बाजारात गेला होता. गोळी घेऊन तो मेडिकलची पायरी उतरतच होता, तेवढ्यात फोनवर मेसेज आला. कुणीतरी अनोळखी पोरगा होता.

"पियूष भिया का नया पॅच मस्त है. बोलना उनको."

अजेय पायरीवरच थबकला. पियूष त्याचा धाकटा भाऊ. मागच्या उन्हाळ्यातच गेलेला.

पियूष आणि त्याचा धारचा मित्र चिंटू, दोघांना एका जुन्या फुटबॉल गेमचं वेड होतं. कंपनीने तो गेम कधीच वाऱ्यावर सोडला होता. या दोघांनी त्याच्यासाठी घरच्या घरी पॅच बनवला. त्या फायली गेममध्ये टाकल्या की परदेशी संघांच्या जागी देवास, धार, मनावर, बागली अशा आपल्याच गावांचे संघ मैदानात उतरायचे. खेळाडूंना दोस्तांची नावं. आणि कॉमेंट्री पियूषच्या आवाजात, निम्मी मराठी, निम्मी हिंदी.

मग एकदा मनावरच्या लग्नाहून परतताना, धामनोदच्या पुढच्या घाटात, दोघांची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. पियूष गेला. चिंटूला नुसतं खरचटलं. पियूष चालवत होता, नको नको म्हणत असताना भरधाव हाकत होता, असं चिंटूने सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. जन्मभर मास्तरकी केलेले तात्या त्या दिवसापासून कुणाच्या दारात गेले नाहीत. "पोराला आवरायला हवं होतं हो," असं एकाने तोंडावर म्हटलं होतं.

आणि आता त्या मेलेल्या पोराच्या नावाने कुणी खेळ मांडला होता. अजेयची कानशिलं तापली. नेटवर पॅच टाकायचा पासवर्ड पियूष आणि चिंटू दोघांनाच ठाऊक होता. एक गेला. राहिला कोण?

गोळी घरी ठेवून, पियूषचा लॅपटॉप काखोटीला मारून, तो थेट धारला निघाला. वाटेत इंदूरला पाणी प्यायलासुद्धा थांबला नाही.

चिंटू घरी एकटाच होता. दुपारचं ऊन आत येऊ नये म्हणून खोलीचे पडदे ओढलेले, कूलर घुरघुरत होता. अजेयने लॅपटॉप टेबलावर आपटला.

"लाज नाही वाटली तुला? त्याच्या नावाने?"

"दादा, काय बोलताय? मी तर तेव्हापासून त्या गेमला हातही नाही लावला. कसम से."

"मग हे कुणी टाकलं? त्याच्या भुताने?"

चिंटूने अजेयच्या फोनवर पॅच टाकणाऱ्याचं नाव वाचलं: पियूष.

"पॅच बसव," अजेय म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

चिंटूने फोनचं नेट जोडून पॅच उतरवला. गेमच्या फोल्डरमध्ये टाकला. जुन्या फायलींवर नव्या लिहू का, असं लॅपटॉपने विचारलं. चिंटूचं बोट बटणावर घुटमळलं.

"दादा... राहू द्या ना."

अजेयने त्याचं बोट धरून बटण दाबलं.

सामना सुरू झाला. देवास विरुद्ध धार. गर्दीचा गलका उठला आणि त्यातून पियूषचा आवाज आला. "अरे क्या बात है भिया! काय पळतंय पोरगं!" अजेय स्क्रीनकडे झुकला. राग तसाच होता, पण आता त्याखाली दुसरंही काही हललं.

"जुनंच रेकॉर्डिंग आहे," चिंटू पुटपुटला. "हे मीच... आम्हीच केलं होतं."

मग त्याने मान वर केली. स्क्रीनवरचा चेंडू मैदानाच्या मधोमध थांबला होता. कुणीच खेळत नव्हतं. आवाज मात्र चालू होता.

"चिंटू पुढे. स्टिअरिंगवर चिंटूच बसलाय. पियूष बाजूला. चिंटू वेगात... चिंटू, हळू घे... फोन ठेव रे... समोर बघ, चिंटू, समोर..."

गलका कापल्यासारखा थांबला. कूलर चालूच होता, पण त्याची घुरघुर कुठेतरी लांब गेली. खोलीत एक वास पसरला. सांडलेलं डिझेल आणि तापलेलं रबर. स्पीकरमधून बारीक आवाज येत होता... टिक... टिक... गाडीचा इंडिकेटर चालू राहावा, तसा.

"हे रेकॉर्डिंग कधीचं?" अजेयने हळूच विचारलं.

चिंटू भिंतीला जाऊन टेकला होता.

"आता बदली," पियूष म्हणाला. तोच कॉमेंट्रीचा सूर, फक्त दमलेला. "चिंटू बाहेर येतोय. पियूषला ओढतोय. आपल्या जागी बसवतोय. बेल्ट लावतोय... पियूष अजून बघतोय."

अजेयने चिंटूची गचांडी धरली.

"बोल!"

"मला वाटलं... संपला तो," चिंटू रडायला लागला. "मामाची गाडी होती, लायसन नव्हतं माझ्याकडे. मला काही सुचलं नाही, दादा. बेल्ट लावताना... त्याने माझं मनगट पकडलं. डोळे उघडे होते. मी हात सोडवला... और मैं रोड पर जाके बैठ गया."

अजेयने त्याला मारलं. पुन्हा मारलं. चिंटूने हात वर केला नाही. त्याने न मारण्याची विनवणी केली असती तर बरं झालं असतं, असं अजेयला वाटलं. निदान राग तरी भागला असता. शेवटी त्याने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, "चपला घाल. पोलिसांकडे चल."

चिंटू मुकाट्याने आला. त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता, जणू कधीपासून कुणी विचारायचीच वाट बघत होता.

दिवेलागणीला अजेय देवासला परतला. तात्यांना सांगितलं.

"म्हणजे तो चालवत नव्हता."

"नाही, तात्या."

"आणि एक वर्ष आपण त्यालाच बोल लावला." त्यांचा आवाज चिरका झाला. अजेयने त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ऐकव मला."

अजेयने सामना लावला. गलका होता, शिट्टी होती. पियूषचा आवाज नव्हता. पुन्हा लावला. मग फायली उघडून पाहिल्या. कॉमेंट्रीचं फोल्डर रिकामं होतं.

"गेलं, तात्या. काही नाही यात."

"दे इकडे," म्हणत तात्यांनी इअरफोन कानात घातले आणि डोळे मिटले.

अजेय त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेला. तांब्या घेऊन परत येताना त्याला त्यांचं बोलणं ऐकू आलं. अगदी हलकं, फोनवर बोलावं तसं. मध्येच थांबत, ऐकून घेत.

"हो... हो रे, पियूष... कळलं मला."

अजेय दारातच थांबला. त्याची चाहूल लागली असावी. तात्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि आवाज आणखी खाली आणला.

"नाही... अजेयला नाही सांगत."